पऱ्हाटीवरचा बर्फ

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. दर डिसेंबरात कोणीतरी विचारतं, "आबाजी, आपल्या गावच्या चर्चात नाताळाले पऱ्हाटी काहून सजवतात?" कपाशीच्या झाडाला आमच्याकडे पऱ्हाटी म्हणतात. मी सांगत आलो, "पहिली पऱ्हाटी माह्या वावरातली. म्याच देल्ली होती." वावर माझं होतं, एवढंच त्यात खरं.

आमच्या शेजारी दवाखान्यातली एक सिस्टर राहायची. तिच्या नाताळाचं मला मोठं कुतूहल. दारावरची चांदणी आमच्या आकाशकंदिलासारखी, ताटातल्या करंज्या तर आमच्याच. हे तुमच्यात आलं कुठून, असं मी विचारी. ती हसे. "येशूबाळाच्या गावात करंजी होती का नाही, मले काय मालूम, भाऊ? माही आजी करे, मनून मी करतो."

एका वर्षी वेचणीच्या दिवसांत माझ्या वावराच्या बांधाजवळची, पांढरी फुटलेली पऱ्हाटी मुळासकट गायब झाली. संध्याकाळी पाहतो तर सिस्टरच्या ओसरीत बादलीत उभी, शेंड्याला कागदी चांदणी. मी गल्लीत सगळ्यांसमोर ओरडलो, "पगार पुरत नाही का, चोऱ्या कराले लागली ते?"

"भाऊ, बर्फ हाये तो," ती म्हणाली. "आमच्या झाडावर बर्फ लागते मने."

गल्ली हसली. बर्फ तिनं पाहिला नव्हता, मीही नाही. तिनं आमच्या दारात उभ्या माझ्या बायकोकडे एकदा पाहिलं आणि ती आत गेली.

जेवताना बायको म्हणाली, "म्याच देल्ली तिले. फांदीले कापूस चिटकवत बसली होती. मनलं, आपल्या वावरात लागलेलाच हाये."

"मंग तिनं सांगतलं काहून नाही?"

"तुम्ही मले बोलसान मनून."

पुढल्या नाताळाला सिस्टरचं पाहून चर्चात पऱ्हाटी उभी राहिली आणि तीच चाल पडली. झाडावर बर्फ कशाला, हे मी पुष्कळांना विचारलं. थंड मुलुखातली रीत, एवढंच कळलं. आमच्या गावची रीत कुठून आली हे मात्र मला पक्कं ठाऊक होतं, आणि तेच मी फिरवून सांगत राहिलो. देणारी माझी बायको होती, सजवणारी सिस्टर.

तिची बदली झाली तेव्हा मी एसटी स्टँडवर गेलो. हातात एक फुटलेलं बोंड होतं. खिडकीतून ते घेत ती हसली. "बर्फ आणला का, भाऊ?"

"हो," मी म्हटलं. "बसाले जागा भेटली ना?"

म्हणायचं होतं ते असं: सिस्टर, तुम्ही चोरी केली नव्हती. माफ करा मले.