लसीच्या बाकावरचा ताप

दवाखान्यातल्या लसीच्या बाकावर बसणाऱ्या आम्हा आयांकडे झोप सोडून सगळं साठलेलं असतं. सल्ले, शंका आणि किस्से तर ढिगाने! त्यात मी मायक्रोबायोलॉजीची एमएस्सी. म्हणजे बाकीच्यांना नुसती भीती वाटते, मला ती संदर्भांसकट वाटते.

माझ्या इराचा दीड वर्षाचा डोस राहिला होता. मागच्या डोसला तिला ताप चढला, म्हणून मी पुढे ढकलत होते. सांगताना मात्र 'सर्दी आहे' म्हणायचे. कुणाला, ते विचारू नका.

*

रोह्याला, लसीवर विश्वास नसलेल्या सासूबाईंना समजावायला बसले. "आई, घटसर्पाचे, धनुर्वाताचे जंतू विष सोडतात. तेच विष निकामी करून टोचतात. शरीर ते ओळखायला शिकतं."

"निकामी हाय, तर शिकवणार काय गो?"

माझी पदवी भिंतीवर छान दिसते.

*

मग नवरा सरसावला. तो केमिकल कंपनीत, शिफ्टला. "आई, आमचं मॉक ड्रिल असतं ना, तसं. गळती खोटी, पण सायरन खरा, पळापळ खरी. ताप म्हणजे ती पळापळ."

सासूबाईंना पटलं. "मागच्या ड्रिलला तू कुठं पळालास?"

"कँटीनला."

तेव्हापासून मला इराच्या पांढऱ्या पेशींचीही काळजी लागली.

*

माझी पेणची मैत्रीण सुगंधा हमरापूरला सासरच्या कारखान्यात गणपती रंगवते. तिथे तिच्या दिराच्या पायात गंजका खिळा घुसला. "आपली इम्युनिटी मातीतली हाय, इंजेक्शन नको!" गडी हटून बसला.

मी फोनवर लेक्चर दिलं. धनुर्वाताचं विष इतकं जहाल, की माणूस आडवा करायला जेवढं लागतं, तेवढ्याने शरीराला त्याची ओळखही पटत नाही. आजार होऊन गेला तरी शरीर काही शिकत नाही.

"म्हणजे भावजींसारखंच!" म्हणत सुगंधाने त्याला रिक्षात कोंबलं.

*

दुसऱ्यांना एवढं शिकवल्यावर मला पळवाट उरली नाही. इराला घेऊन गेले, डोळे मिटले, टोचून झालं. "ताप येईल, घाबरू नका," नर्सताई म्हणाल्या. "जास्तच वाटलं तर फोन करा."

घरी जय्यत तयारी! थर्मामीटर, औषध, पाण्याच्या पट्ट्या, नवऱ्याची रजा. संध्याकाळ झाली. इरा घरभर धावतेय, पोहे मागतेय. मी हातात थर्मामीटर घेऊन तिच्यामागे धावतेय. ताप नाही!

ताप आला नाही तरी लस काम करते, हे मी परीक्षेत लिहून मार्क घेतलेत. तरी नर्सताईंना फोन लावलाच.

"ताई, ताप आलाच नाही हो!"



"मग काय, ताप मी घेऊन येऊ?"