ओस पडलेला खोपा

आज कुंपणाजवळच्या बाभळीवर, सुगरणीनं अर्धवट सोडलेल्या खोप्यात दोन मुनिया पाखरं शिरताना दिसली आणि बाभुळगावच्या शाळेत मी शिकवलेली चौथीतली मनीषा आठवली.

मुलांना वाचलेलं समजावं, चार नवे शब्द यावेत म्हणून मी छोटे उतारे स्वतः लिहायची. त्या दिवशीचा उतारा सुगरणीवर होता: नर खोपा विणतो, मादी तो पसंत करते. खाली प्रश्न होता, ‘मादीला न आवडलेल्या खोप्याचे काय होते?’ उत्तर शेवटच्या ओळीत होतं: तो ओस पडतो. मनीषानं लिहिलं, ‘त्यात दुसरी पाखरं राहायला येतात.’ मी लाल फुली मारली.

“म्या पाह्यलं ना मॅडम, आमच्या विहिरीवर!”

“उताऱ्यात आहे का? मग कायले लिहिलं?”

रबर नव्हतं. तिनं बोटाला थुंकी लावून ती ओळ कागद फाटेपर्यंत पुसली.

मी तो उतारा पुस्तकातून जुळवला होता. खोपा कधी जवळून पाहिलाच नव्हता. आता हे गेले, मुलं पुण्याला. यवतमाळच्या या घरात दुपारभर पंख्याचाच आवाज असतो. एक मुनिया चोचीत गवताची काडी घेऊन परत आत गेली. लाल पेन अजून ड्रॉवरमध्ये आहे. बरोबरची खूण करायला मनीषाची वही कुठून आणू?