चारही टायर कायदेशीर

बॉनेटवर पांढऱ्या फुलांची माळ बांधलेली ती गाडी माझ्या डोळ्यांपुढून आजही हलत नाही. दोन हजार सालानंतरची ती वर्षे. पालघर जिल्हा तेव्हा झाला नव्हता, वसई ठाणे जिल्ह्यात होती आणि मी तिथल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. रविवारची दुपार पोलीस ठाण्यात सुस्त असते. मुंबईला नोकरी करणारे फ्लॅटवाले सुट्टीचा मुहूर्त साधून पार्किंगच्या तक्रारी घेऊन येतात आणि आपण त्या जांभया दाबत ऐकतो. तशीच एक तक्रार ऐकत असताना फोन वाजला. निर्मळहून गिरीजकडे येणाऱ्या वाडीतल्या रस्त्यावर लग्नाची गाडी झाडावर आदळली होती.

नवरीला घेऊन चर्चला निघालेली गाडी. चालवत होता नवरीचा भाऊ, शेजारी वडील, मागे नवरी. भावाकडे स्वतःची गाडी असताना मुलीला भाड्याच्या गाडीतून नेणे त्या घराला कमीपणाचे वाटले असते, म्हणून भावाचीच गाडी सजवली होती. एका वळणावर केळीच्या वाडीचा पाट फुटून पाणी रस्त्यावर आले होते. तिथे गाडी गर्रकन फिरली आणि तिची डावी बाजू माडावर आदळली. वडील त्याच बाजूला बसले होते. ते जागीच गेले. नवरीच्या खांद्याचे हाड मोडले, भावाच्या कपाळाला टाके पडले. चर्चच्या दारात वाट पाहणाऱ्या वऱ्हाडाला ती बातमी मीच सांगितली. नोकरीत मरणाच्या बातम्या पुष्कळ सांगितल्या, पण बँडवाल्यांना हाताने थांबवून सांगायची वेळ तीच एक.

घटनास्थळाच्या पंचनाम्यात एक गोष्ट सापडली. पुढच्या दोन्ही टायरांत हवा फारच कमी होती. आरटीओच्या निरीक्षकाने गाडी तपासली. ब्रेक ठीक, स्टिअरिंग ठीक, पंक्चर नाही, टायरांची नक्षी भरपूर शिल्लक, चारही टायर रस्त्यावर वापरायला कायदेशीर. मग हवा गेली कुठे, असे मी विचारले. ते शोधणे तुमचे काम, असे म्हणून त्याने सही ठोकली. माणूस चुकीचे बोलला नाही, तरी मला त्याचा राग आला.

दफनविधीनंतर मी जबाब घ्यायला त्यांच्या घरी गेलो. मुलगा मान खाली घालून बसला होता. बोलली ती त्याची आई. काळी साडी, आवाज अगदी शांत. कामण रस्त्याला गोदामांजवळ टायरचे दुकान आहे, तिथला कामगार आणि माझा मुलगा यांचे आठवड्यापूर्वी भांडण झाले होते, मुलाने चार गिऱ्हाइकांदेखत त्याच्या थोबाडीत मारली होती, असे तिने सांगितले. आणि लग्नाच्या सकाळी तोच कामगार आमच्या कुंपणाजवळ, गाडीपाशी घुटमळताना मी या डोळ्यांनी पाहिला, असेही सांगितले. नाव सांगितले, दुकान सांगितले. नवरा गमावलेली बाई समोर बसून सांगत असताना कोण शंका घेणार? मी जबाब लिहून घेतला आणि कामणला माणूस पाठवला.

आता गुन्हा साधा राहिला नव्हता. हलगर्जीपणाने झालेल्या मृत्यूऐवजी तो सरळ खुनाच्या कलमाकडे जात होता. टायरवाला तिशीच्या आतला, भातशेतीच्या घरातला, हाताला कायमचा काळा रंग लागलेला. त्याची आई ठाण्याच्या व्हरांड्यात येऊन बसली आणि रविवारी सकाळी मुलगा घरीच होता, असे भेटेल त्या शिपायाला सांगत राहिली. आईने मुलाच्या बाजूने दिलेली साक्ष पोलीस कशी तोलतात, ते वाचकांना सांगायला नको.

चौकशीत तो एकच वाक्य म्हणे, मी काही केले नाही. दरडावले, समजावले, चहा पाजला. उत्तर तेच. आमचा हवालदार म्हणाला, हा पक्का मुरलेला आहे. मला तसे वाटेना. मुरलेला माणूस दोन वेळा दोन गोष्टी सांगतो, तिसऱ्यांदा तिसरी. शेवटी मी गुन्ह्याचा विषय सोडला आणि साधे विचारले, अरे, त्याने तुला मारले कशाबद्दल?

तो म्हणाला, "हवा भरली म्हनून मारला, साहेब. काढली म्हनून नाय."

मला आधी कळलेच नाही. मग त्याने सगळे सांगितले. गाडी धुवायला आणि चाके बघायला त्याच्याकडे आली होती. पुढच्या चाकांत हवा कमी दिसली, म्हणून त्याने नेहमीच्या सवयीने चारही चाकांत बरोबर हवा भरून दिली. दुसऱ्या दिवशी गाडीचा मालक तणतणत आला, तुझ्यामुळे मी हरलो म्हणाला आणि थोबाडीत दिली. कशात हरला, ते विचारायची याची छाती झाली नाही. हवा भरल्याबद्दल मार खाणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता, आणि पुढेही पाहिला नाही.

मी उठून आवारात गेलो. गाडी ताडपत्रीखाली होती. आतापर्यंत आम्ही सगळ्यांनी टायर पाहिले होते, टायरच्या तोटीवरचे टोपण कोणी पाहिले नव्हते. पुढच्या दोन्ही चाकांची टोपणे घट्ट फिरवून बसवलेली होती. हवा मोजायला लावली, दोन्हीकडे सारखीच निघाली. सूड घेणारा हवा सोडतो आणि पळतो. दोन्ही चाकांत मोजून सारखी हवा ठेवत नाही, आणि टोपणे परत लावत तर मुळीच बसत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते माझ्याच ठाण्यात चालले होते.

मी नवरीच्या भावाला बोलावून घेतले आणि तोच प्रश्न केला, हवा भरली तर तू त्याला का मारलेस? तो रडतच बोलू लागला. रविवारी पहाटे कामण रस्ता मोकळा असताना तो आणि त्याचे मित्र शर्यत लावत. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या आणि सरळ रस्त्यावर पुढे कोण निघतो ते पाहायचे. शर्यतीचे खास टायर रस्त्यावर चालत नाहीत, आणि हीच गाडी घेऊन त्याला रोज स्टेशनला जायचे होते. म्हणून त्याने कायद्यात बसणारे टायर निवडले. गाडीला ओढ पुढच्या चाकांची, म्हणून पुढे रुंद आणि मऊ टायर, त्यांत हवा कमी, म्हणजे गाडी सुटताना रस्ता धरून ठेवतात. मागे अरुंद आणि कडक, त्यांत हवा ठासून, म्हणजे ओढायला हलके. पोलिसाने अडवले तरी पावती फाडता येणार नाही, याची त्याने खात्री करून घेतली होती. बहिणीच्या स्थळाची घरच्यांनी केली नसेल इतकी चौकशी त्याने टायरांची केली होती. प्रत्येक टायर निर्दोष. ओल्या वळणावर पुढचे रस्ता धरतात आणि मागचे सोडतात, गाडी भोवऱ्यासारखी फिरते, याचा विचार मात्र सरळ रस्त्यावरच्या हौशीला सुचला नाही.

"लग्नाच्या दिवशीही गेला होतास?" मी विचारले.

त्याने होकारार्थी मान हलवली. गाडीसाठी फुले आणतो असे सांगून तो पहाटे गेला होता. येताना खरोखरच फुले आणली. हवा भरायची राहिली. रोज स्टेशनला जाते तशीच चर्चलाही जाईल, असे त्याला वाटले. बाप गेला त्याच्या हातून, आणि वर एक निरपराध माणूस माझ्या कोठडीच्या वाटेवर होता, हे त्याला ठाऊक होते.

एक गाठ मात्र सुटत नव्हती. मग आईने कुंपणाजवळ कोणाला पाहिले? माणसे ओळखण्यात चुकतात, असे मी स्वतःला समजावले आणि तिलाही बोलावणे पाठवले. टायरवाल्याला सोडायचे कागद तयार होत होते, म्हणून तो बाहेरच्या बाकावर त्याच्या आईशेजारी बसला होता. बाक भरलेला होता. काळ्या साडीतली थकलेली बाई पायऱ्या चढून आली, तसा तो उठला.

"बसा मावशी," तो म्हणाला.

ती बसली. सुखी राहा बाळा, असे तिने त्याला म्हटले. मी दारातून हे पाहत होतो.

आत आल्यावर मी तिला विचारले, तुम्हाला जागा दिली तो कोण, ओळखता का? तिने नाही म्हटले. तक्रार घेऊन आलेला कोणी असेल, की तुमचा माणूस, असे तिनेच उलट विचारले.

"ज्याला तुम्ही कुंपणाजवळ पाहिलंत, तो तोच," मी म्हणालो.

तिने पदर तोंडाला लावला. नाकारले नाही, हे तिच्या बाजूने सांगायला हवे. मुलगा पहाटेचा परत आला तेव्हा गाडीच्या चाकांना जळक्या रबराचा वास येत होता, आणि तिला सगळे समजले होते. भांडणाची हकिगत मुलाच्याच तोंडून तिने ऐकलेली होती.

"एक गेला होता, साहेब. दुसरा माझ्या हाताने कसा देऊ?"

"म्हणून दुसरीचा दिलात?"

"नाव ऐकलं होतं. तोंड पाहिलं नव्हतं," ती म्हणाली. "तोंड पाहिलं असतं तर जमलं नसतं."

मुलाविरुद्ध दोषारोपपत्र दाखल झाले. आईने जबाब बदलून दिला. खोटी माहिती दिल्याबद्दल तिच्यावर काय करायचे ते मी वरिष्ठांवर सोडले, कारण माझे मन त्या दिवशी निवाडा करण्याच्या स्थितीत नव्हते. खोट्या तक्रारीमागे वैर असते, असे आम्हाला शिकवलेले असते आणि आम्ही वैर शोधत बसतो. इथे वैर औषधालाही नव्हते. त्यानंतर कोणी कोणाचे नाव घेतले, की तो माणूस कसा दिसतो, हसतो कसा, चालतो कसा, हे मी आधी विचारत असे. पुष्कळ तक्रारी तिथेच अडखळल्या.

त्या दिवशी बदललेल्या जबाबावर सही करून ती उठली. दारापर्यंत गेली आणि थांबली. बाकावर तो आणि त्याची आई अजून बसलेले होते, त्याला तिचे नाव मी सांगितले नव्हते. तिने वळून मला विचारले, ठाण्यातून बाहेर पडायला दुसरे दार आहे का. मी नाही म्हणालो.