यांचं तेलाचं जहाज

सुरतेत उधन्याच्या कापड कारखान्यातून सुपरवायझरचा फोन आला तेव्हा मी घरी साडीवर खडे चिकटवत बसले होते. "भाभी, सुधाकरभाई लूमजवळच कोसळले..." एवढंच तो बोलला. दवाखान्यात पोचले तर सगळं संपलेलं. पन्नाशीही गाठली नव्हती हो माझ्या माणसानं! देवाला मी अजून माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही.

मागे मंदीत लूम बंद पडले तेव्हा हे काही महिने हजीऱ्याच्या बंदरात मजुरीला गेले होते. तिथं धक्क्याला लागलेलं तेलाचं जहाज पाहिलं आणि वेडच लागलं. "अगं, आपली नवागामची अख्खी गल्ली मावेल त्यात!" मग तसंच छोटं जहाज घरी बांधायला साडीच्या खोक्यांचा पुठ्ठा आला, बॉबिनी आल्या, संपलेल्या पेनांच्या रिफिली आल्या. डेकवरून जाणाऱ्या तेलाच्या नळ्या त्या रिफिलींच्याच. प्रत्येक नळीला व्हॉल्व्ह, व्हॉल्व्हला चाक, मागे केबिन, तिला जिना, जिन्याला कठडा... माझा खड्यांचा गोंद तर रोज पळवायचे. ओरडले की म्हणायचे, "तुझा एखादा खडा पडला तर पडू दे, माझं जहाज गळायला नको!" दीर टोमणे मारायचे, एवढ्या वेळात गावी दोन खोल्या झाल्या असत्या. "खोल्या काय, सगळेच बांधतात," हे ताडकन म्हणायचे.

दसऱ्याला कारखान्यात लूमची पूजा होते, तशी मी घरी जहाजाची केली. चांगलं बोट भरून हळदकुंकू लावलं. डेकचा रंग ओला आहे हे मला काय माहीत! डाग बसला तो बसलाच. आधी हे खूप तणतणले, मग स्वतःच त्यावर झेंडूचं फूल ठेवलं.

दहाव्याला सासूबाईंना घेऊन मीही तापीकाठी गेले. बाईनं जाऊ नये म्हणे... गेले! पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. दिरांनी हात जोडून सांगितलं, मुलीचं लग्न करू, आईला सांभाळू. कावळा घाटाच्या कठड्यावर बसून राहिला. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "त्याना जीव जहाजमा अटकेल शे. ते तापीमा सोडी दे, पोरी." दीर रिक्षा करून जहाज आणायला निघालेसुद्धा. माझ्या होकारापुरतं सगळं अडलं होतं. मुक्ती मिळायची तर नवऱ्याच्या हातचं ते एवढंसं जग बुडवायचं?

"अटकेल शे ना?" मी म्हटलं. "मंग अटकू द्या. घरमाच राही ना!"

 शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. नातेवाईक म्हणतात, बाईच्या हट्टापायी आत्मा अडकला. म्हणोत बापडे, मला काही फरक पडत नाही.

जहाज टीव्हीशेजारच्या फळीवर आहे. परवा दुपारी बाजारातून आले तर सासूबाई त्याच्यासमोर स्टूल ओढून बसलेल्या. मी आल्याचं त्यांना कळलं नाही. हे कामावरून आले की जेवल्याचं विचारायच्या तसंच, जहाजाकडे झुकून त्या हलकेच विचारत होत्या, "जेवना का रे, भाऊ?"