वायमेआची पहिल्या वेताची गाय

टेक्सासातल्या घरून सुट्टीला आलो. कोनाच्या विमानतळाबाहेर नजर जाईल तिथवर काळा लाव्हा. “हवाई म्हणजे हे? फोटोत वेगळंच होतं यार,” नवरा निखिल म्हणाला. तासभर चढावर ड्राइव्ह करून वायमेआला पोचलो, तर धुकं, गारठा आणि हिरवी कुरणं. पूर्वी इथे गुरं वळायला शिकवण्यासाठी मेक्सिकोहून माणसं आणली होती. त्यांच्यापासून सुरू झालेल्या गुराख्यांना पनिओलो म्हणतात. गावात पोर्तुगीज मालासादा (साखरेत घोळवलेला तळलेला पिठाचा गोळा) खाल्ला, समोरच्या जपानी आजींकडे सायमिन (रश्शातल्या शेवया).

दुसऱ्या दिवशी रँच दाखवायला साठीचे केओनी अंकल आले. आई हवाईयन, वडील पोर्तुगीज. इथे वडीलधाऱ्यांना सगळेच अंकल म्हणतात. माझ्या पायांकडे बघून म्हणाले, “सँडल घालून गुरांत?”

“ती टेक्सासची आहे,” निखिल म्हणाला.

“मग बरोबर. तिथले नुसती हॅट घालतात, गुरं नसतात.”

कुंपणात एक पहिल्या वेताची गाय वासराला लाथा मारत होती. पहाटे व्याली, पण वासराला चाटलंच नव्हतं. ते ओलं, मान टाकून पडलेलं. “बाटली ओढत नाही. चीक पोटात गेला नाही, तर जगत नाही,” अंकल म्हणाले.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मी. त्याआधी सातारा जिल्ह्यातल्या गावी गोठ्यातच वाढले, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही. मी मीठ मागितलं. अंकलनी घरातून इथलं लाल माती मिसळलेलं मीठ आणलं.

“हे आम्ही माशाला लावतो.”

“आज वासराला लावू.”

पाठीवर, मानेवर चोळलं. गाईने हुंगलं, मागे सरली. पुन्हा आली. जीभ एकदा फिरली, मग थांबेचना. चाटून चाटून वासरू हललं, दोनदा पडलं, उभं राहिलं. दुपारी गाईने पान्हा सोडला. त्या दिवशीचा ज्वालामुखी बघायचा बेत आम्ही कॅन्सल केला होता.

निरोप घेताना अंकल म्हणाले, “काही महिन्यांनी हे वासरू बोटीने मेनलँडला, मुख्य भूमीवर जाईल. मांसासाठीच पाळतो आम्ही.” त्यांनी लपवलं नाही, ते मला आवडलं.

टेक्सासात, आमच्या फ्रिस्को गावी परतल्यावर ऑफिसात सगळ्यांनी लाव्हारसाचे फोटो मागितले. माझ्याकडे गाईचे होते. साताऱ्याकडे आईला फोन करून वासराची गोष्ट सांगितली.

“वासराचं पुढं काय?” तिने विचारलं.

होतं तसं सांगितलं.

“तवर आईजवळच ठेवत्यात न्हवं?”

“हो.”

“मग बरं केलंस.”