मामांचं फ्रेंच घराणं

फ्रान्समधल्या एका सरदार घराण्याच्या सात पिढ्यांची सोयरीक तोंडपाठ असलेला माणूस तापीच्या दोन्ही काठांवर एकच होता, आणि तो माझा सख्खा मामा होता. मामा बऱ्हाणपुरात इतिहासाचे मास्तर. देश सोडून निघालेल्या एका साहेबाच्या सामानाच्या लिलावात त्यांनी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेतलं. त्यात सहा-सातशे वर्षांपूर्वीच्या या घराण्याची वंशावळ होती. त्या दिवसापासून मामा निम्मे फ्रान्समध्येच राहायला गेले. फ्रेंचमध्ये शेवटची अक्षरं उच्चारत नाहीत असं कुणीतरी सांगितलं, तर आठवडाभर वर्गाची हजेरी तशीच! दामोदरचा दामो झाला आणि गंगाधर नुसताच गंगा. असीरगडावर सहल नेली, तर दरवाजात उभे राहून म्हणाले, "फ्रान्समधला तो सरदार वारला. एकुलती एक पोर इथं अशी उभी, आणि चुलत्यानं आतून अडसर घातलेला. तीस वर्षं भांडली, पण हटली नाही!" परीक्षेत असीरगडाच्या प्रश्नाला निम्म्या वर्गानं हेच उत्तर लिहिलं. मामांनी पैकीच्या पैकी गुण दिले.

ते दिवस संस्थानं विलीन होण्याचे. वर्तमानपत्रात रोज एखादा राजा सही करताना दिसायचा. मामा फोटोवर बोट ठेवून म्हणायचे, "सहीनं राज्य जातं, वंशावळ जात नाही." घरोघरच्या लग्नांत ते पंगतीला बसण्याआधी नवरीच्या आजीचं नाव विचारून घेत. लोक हसत.

त्याच सुमारास माझे वडील गेले. मी बारा वर्षांची, एकटीच. तेराव्यानंतर निंबोल्याच्या थोरल्या काकांनी आमच्या नाल्याकडच्या केळीच्या बागेत आपला गडी कामाला लावला. "पोरीले कायची जमीन? उद्या लगीन करून चालली जाईन," ते आईला म्हणाले. भाऊ एकत्र असतील तर जमीन काकांची, वाटणी झालेली असेल तर आईची आणि आईमागे माझी, असा कायदा होता. वाटणी तोंडी झालेली, कागद नव्हता. आई रडली. मामांनी चष्मा पुसला आणि सायकल काढली.

ते थेट काकांच्याच ओसरीवर गेले. "भाऊ, तुमच्या घराण्याची वंशावळ लिहायची आहे. तहसिलीत दाखवणार आहे, आधीच सांगतो."

"दाखवा ना! कळू द्या सायबाले आमचं खानदान!"

चार रविवार काका सांगत होते आणि मामा लिहीत होते. मूळ पुरुष कुठून आला, विहीर कुणी खणली, आणि शेवटी, "वाटणीत विहिरीकडचं म्या घेतलं, लहान्याले नाल्याकडचं देलं." मामांनी खाली आईचं आणि माझं नाव घातलं, तेव्हा काका गुरगुरले, "बायांची नावं कायले?"

"त्यांच्यावाचून रेघ पुढे सरकत नाही, भाऊ."

काकांनी ऐटीत सही ठोकली.

आईच्या अर्जाची तहसिलीत सुनावणी झाली, तेव्हा मामांनी फ्रान्सपासून सुरुवात केली. तहसीलदार वैतागले. "मास्टरजी, फ्रान्स रहने दो. निंबोला की बात करो." मग मामांनी तो लांबलचक कागद उलगडून वाचला. प्रत्येक पिढीला काका मान डोलवत होते. वाटणीलाही डोलवली, आणि मान तिथंच थांबली.

"दस्तखत आपके हैं?"

काकांनी आपल्या सहीवरून बोट फिरवलं. नाही म्हणाले असते तर आम्ही काय करणार होतो? पण सात पिढ्या समोर पसरलेल्या. "खानदान माह्यं हाय सायेब," ते हळूच म्हणाले, "त नाही कसं म्हणू?"

बाग आमच्याकडे राहिली. माझं शिक्षण तिच्यावर झालं, आणि लग्न होऊनही आईमागे ती माझ्याच नावावर झाली. केळीच्या दर काढणीला मामांकडे एक घड जायचा. मामांनी लग्न केलं नव्हतं. ते गेले तेव्हा आईही नव्हती. तापीकाठच्या राजघाटावर शेजारीपाजारी जमले. अग्नी कुणी द्यायचा म्हणून कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, "भाची आहे, पण बाईमाणूस कसं चालेल?" मी पुढे झाले.

तिसऱ्या दिवशी अस्थी घेऊन गेले. उन्हाळ्यामुळे तापीला पाणी कमी होतं. राख लवकर वाहून जाईना. ती जाईपर्यंत मी पाण्यात उभी होते.