पडणारी गाडी

शाळा मी चौथीतच सोडली. पण धरणगावच्या आजूबाजूला पन्नास वर्षं बैलगाड्या केल्या, आणि माझ्या हातची गाडी रस्त्यात मोडली म्हणणारा माणूस अजून मला भेटायचा आहे.

दोन वर्षांपूर्वी कापसाची ट्रॉली उलटली आणि माझा मुलगा खाली सापडून गेला. त्याची सात वर्षांची मुलगी, माझी नात, बांधावर बसून बघत होती. त्या दिवसापासून पोरगी मुकी झाली. जेवायची, शाळेत जायची, पण तोंडातून शब्द नाही. सगळे म्हणाले, भगताकडे न्या. मी नाही म्हटलं. सुनेनं चौकशी केली आणि आम्ही दर गुरुवारी एसटीनं तिला जळगावला, मुलांच्या मनाच्या दवाखान्यात नेऊ लागलो. तिथल्या बाई गोळ्या देत नाहीत, मुलांना खेळू देतात. वाळू, बाहुल्या, ठोकळे.

एरंडोलला दिलेली माझी बहीण दारात उभी राहून म्हणाली, "भाऊ, पोरले खेळाले जळगाव लई जास? आपला दारमा माती नई शे का?"

"शे ना," मी म्हटलं. "पण तू बी शे."

नात माझं धोतर सोडत नसे, म्हणून बाई मलाही आत बसवत. मी सुतार आहे कळल्यावर म्हणाल्या, "आबा, तिला एक छोटी गाडी करून आणा." मी सागाची केली. चाकं, आरे, जू, काही सोडलं नाही. पोरीनं त्यात कापूस भरला, वाळूतून ओढली आणि उलटी केली. मी उठून सरळ केली. तिनं पुन्हा उलटवली. मी पुन्हा सरळ केली.

"आबा, हात लावू नका," बाई म्हणाल्या.

"माझी गाडी पडलेली बघत बसू?"

"हो. ती दाखवते आहे, ते बघा."

मला राग आला. माझ्या मुलीच्या वयाची बाई मला गाडी शिकवते. तीन गुरुवार मी भांडलो. चौथ्या गुरुवारी हात मांडीखाली दाबून बसलो. पोरीनं गाडी उलटवली, खाली एक बाहुली ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिली. माझा हात सवयीनं निघालाच.

"राहू दे आबा," ती म्हणाली. "पडेल शे."

पडलेली आहे, एवढंच. पण किती महिन्यांनी तो आवाज ऐकला. आणि मला कळलं, मी दर वेळी गाडी उचलत होतो तेव्हा तिचं बोलणं मधेच तोडत होतो. घरीही तेच केलं होतं. त्या शेताचं नाव कोणी काढलं की मी विषय बदलायचो.

बहिणीला कळलं तेव्हा म्हणाली, "बोलनी तर हाईच बोलनी? अशुभ."

"तिले हाईच सांगनं व्हतं," मी म्हटलं. "तू ऐकती का?"

आता नात बोलते, भांडते, माझ्यावर गेली आहे. गुरुवार अजून चालू आहेत. बाईंच्या खोलीतल्या दुसऱ्या मुलांसाठी मी गाड्या करतो. दोन चाकांमधला आस जरा आखूड ठेवतो, माल भरायची साटी उंच घेतो, म्हणजे बोट लावलं की उलटते. गावातले सुतार बघून हसतात, म्हाताऱ्याचा हात गेला म्हणतात.

म्हणू द्या. पडणारी गाडी करायला जास्त हात लागतो.